त्रेचाळीसला आठ

[पहाट. जांबोटी ते कणकुंबी रस्ता. कॅमेरा जीपच्या आत.]

आवाज ऐका. इंजिनाचा नव्हे, त्याच्या खालचा.

पंचेचाळीसपर्यंत गाडी गुमान चालते. पन्नास आलं की सीटखालून घुमायला सुरुवात होते, आरसा थरथरतो, डॅशबोर्डवर ठेवलेली किल्ली नाचायला लागते. पंचावन्नला मागं बसलेला माणूस विचारतो, "खाली काय सुटायलंय काय रे?"

ही जीप सीजे ३ बी. मूळचं पेट्रोल इंजिन २.२ लिटरचं होतं. ते कधीच गेलं आणि त्या जागी डिझेल बसलं. गिअरबॉक्स मात्र मूळचा, तीन गिअरचा. बेळगावहून सकाळी निघायचं, चोर्ला घाटानं गोव्यात उतरायचं, संध्याकाळी परत. या रस्त्यावर भाजीच्या आणि दुधाच्या गाड्या आपल्याला मागं टाकून जातात आणि आपलं इंजिन तिसऱ्यात ओरडत राहतं. मला पाचवा गिअर हवा होता. कोल्हापूरच्या भंगारात एका पिकअपचा बॉक्स मिळाला, स्वस्तात मिळाला, आणि मी तो घरी घेऊन आलो.

चूक तिथंच झाली. बॉक्स चांगला होता. तो सगळ्यात आधी घेतला, ही चूक.

पुढं एका गॅरेजात तो बसवला. त्यांनी बसवून दिला, गाडी सुरू झाली, पाचही गिअर पडले. तीन आठवड्यांत शाफ्टचे, म्हणजे मागच्या चाकांकडं फिरणं नेणाऱ्या दांड्याचे, दोन क्रॉस गेले. क्रॉस म्हणजे त्या दांड्याच्या टोकाचा वाकता सांधा. तिसरा जायच्या आधी मी वडगावच्या एका मिस्त्रींकडं गाडी नेली.

[गॅरेज. जमिनीवर खडूनं लिहिलेले आकडे.]

मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसून विचारलं, "किती वेगानं पळवायचीया? आणि कुठल्या घाटातनं?"

मी म्हटलं, "मामा, आधी बघा तरी."

"ते सांगितल्याबिगर काय बघू?"

मग खडू आला. पुढच्या चाकावर एक रेघ, फरशीवर एक रेघ, गाडी एक फेरा ढकलली, टेप लावली. सोळा इंचाच्या चाकाचा फेरा भरला दोन मीटर वीस सेंटिमीटर. हा झाला पहिला आकडा. पुस्तकात टायरचा घेर छापलेला असतो, पण हवा कमी, वजन जास्त, रबर झिजलेलं. म्हणून मिस्त्री पुस्तकावर विसंबत नाहीत.

दुसरा आकडा मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे शाफ्टचं फिरणं मागच्या दोन चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीचा. तो काढायला हाउसिंग उघडावं लागत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, मागचं एक चाक जमिनीवर राहू द्यायचं, दुसरं जॅकवर उचलायचं. उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्ट किती फिरला ते मोजायचं. दोन फेरे का, तर एक चाक अडवलं की डिफरन्शियल दुसऱ्याला दुपटीनं फिरवतं. दोन फेऱ्यांत हिशेब सरळ होतो. आमचा शाफ्ट साडेपाचाला जरा कमी फिरला.

तरी मिस्त्रींनी झाकण काढलंच. क्राउनचे, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चकतीचे, दात मोजायला गॅरेजातला पोरगा बसला. तो बैलहोंगलकडचा, मोजतो कानडीतून. मिस्त्री मराठीतून. पोरगं "नलवत्तमूरु" म्हणून थांबलं, त्याच वेळी इकडून "त्रेचाळीस" आलं. तिला फिरवणाऱ्या शाफ्टकडच्या बारक्या गिअरचे, पिनियनचे, आठ. त्रेचाळीस भागिले आठ, म्हणजे ५.३८. सीजे ३ बी चा हा कारखान्यातनं आलेलाच आकडा. शाफ्ट पाच फेरे आणि वर थोडा फिरेल तेव्हा चाक एक फेरा घेईल. शेतात, चिखलात, ट्रॉली ओढताना हे झकास. हायवेवर हेच नडतं.

आता बघा हं. आमचं डिझेल तीन हजार आरपीएमच्या वर नेऊ नये असं आम्ही ठरवलं. सरळ टॉप गिअरमध्ये ३००० ला ५.३८ नं भागलं, फेऱ्यानं गुणलं, की ताशी ७४ किलोमीटर. माझ्या नव्या बॉक्सचा पाचवा गिअर ०.८५ चा, म्हणजे इंजिन ०.८५ फेरा घेतं तेव्हा शाफ्ट पूर्ण एक घेतो. तो लावला तर ८७. आणि डिफरन्शियल ४.१० चा टाकला, बॉक्स जुनाच ठेवला, तर ९७.

म्हणजे बॉक्स न बदलता, नुसता क्राउन-पिनियन बदलून मला जास्त मिळालं असतं. हे मला खडूनं लिहून दाखवल्यावर कळलं, पैसे गेल्यावर. लोक पाचवा गिअर मागतात, कारण पाचवा गिअर हातात दिसतो. डिफरन्शियल कोण बघतंय?

पण मिस्त्री ४.१० लाही राजी नव्हते. चोर्ल्याच्या चढाला पहिला आणि दुसरा गिअर त्याच आकड्यानं गुणला जातो. पुढं सोपं केलं की चढाला अवघड होतं, क्लच जळतो. शिवाय माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ४.१० आणि पाचवा गिअर मिळून ही गाडी ११४ ला जाईल असं कागद म्हणतो. मी त्या ब्रेकवर ११४ ला बसणार नाही, तुम्हीही बसू नका.

ठरलं ते असं: एकोणचाळीसला आठ, म्हणजे ४.८८. पाचव्यात ९५ च्या आसपास, आणि घाटाला जोर राहतो. खानापूर-जांबोटीच्या गाडीला एवढं बास.

[हातात क्राउन. कडेवर कोरलेला आकडा. जवळून.]

क्राउन आणि पिनियन ही जोडी. कारखान्यात दोघांना एकमेकांवर घासून बसवलेलं असतं, आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. मी आधी भंगारातून एक ४.८८ चा क्राउन आणि वेगळा पिनियन आणला होता. दात मोजून आणला होता, शहाण्यासारखा. मिस्त्रींनी दोन्ही नंबर बघितले, काही बोलले नाहीत, फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत परत घातले.

आमचं मागचं हाउसिंग डाना ४४. त्यात आणखी एक फसगत आहे. ३.७३ आणि त्याखालच्या आकड्यांना एक केज, म्हणजे क्राउन धरणारा सांगाडा, लागतो, ३.९२ आणि त्यावरच्यांना दुसरा. चुकीच्या केजवर क्राउन बोल्टनं बसतो, पण पिनियनपर्यंत पोचतच नाही. एक्सलचंही तसंच: जुन्याला टोकावर दहा स्प्लाइन, म्हणजे खाचा, नंतरच्यांना तीस. हाउसिंगवर नाव तेच आहे म्हणून आतला माल तोच असेल, असं धरून चालू नका.

आणि ही चारही चाकांनी ओढणारी जीप आहे. मागं ४.८८ आणि पुढं ५.३८ ठेवलं तर टू-व्हीलमध्ये काही कळणार नाही. कणकुंबीच्या पावसात फोर-व्हीलचा दांडा ओढला की पुढचं आणि मागचं एकमेकांशी भांडायला लागेल, दर फेऱ्याला जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक. चिखलात टायर घसरून तो फरक सोडवतात. डांबरावर तो फरक ट्रान्सफर केस, म्हणजे जोर पुढच्या-मागच्या शाफ्टना वाटणारा गिअरचा डबा, खातो, आणि मग दांडा परत येत नाही. म्हणून दोन जोड्या घ्याव्या लागल्या. खर्च दुप्पट.

जोडी बसवताना मिस्त्री तेलात शेंदूर कालवतात आणि पाच-सहा दातांना पातळ फासतात. हातानं फिरवलं की दातावर पिनियन जिथं टेकतो तिथला शेंदूर पुसला जातो. डाग दाताच्या टोकाशी आला तर पिनियन क्राउनपासून लांब, मुळाशी आला तर फार आत. पिनियनच्या बेअरिंगखालचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढत-घालत तो डाग मधोमध आणायचा. आमचा चौथ्या खेपेला आला. दोघांमधली मोकळीक ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर, वहीची दोन पानं एकत्र धरा, साधारण तेवढी. पहिली तिन्ही खेपा पिनियन बाहेर, शिम, पिनियन आत. सकाळी साडेनऊला सुरू केलेलं जेवणानंतर संपलं.

[जीपखालून. शाफ्ट. टेबलावर उतरवलेला.]

आता त्या आवाजाकडं येऊ.

नवा बॉक्स जुन्यापेक्षा लांब. उद्यमबागेतल्या एका लेथवर अ‍ॅडाप्टर प्लेट कातून तो जुन्या ट्रान्सफर केसला जोडला होता, ते काम चोख होतं. पण ट्रान्सफर केस मागं सरकला, म्हणजे मागचा शाफ्ट तेवढा आखूड करावा लागला आणि पुढचा तेवढा लांब. सीजे ३ बी चे दोन एक्सल मुळात ८० इंचांवर. मागचा शाफ्ट आधीच बुटका, तो अजून बुटका केला की त्याचा उतार वाढतो.

क्रॉसचा स्वभाव असा आहे की तो वाकून फिरताना सारख्या वेगानं फिरत नाही. दहा अंशांत वाकला तर दीड टक्का पुढं-मागं होतो. वीस अंशांत सहा टक्के. तेही प्रत्येक फेऱ्यात दोनदा. एका टोकाच्या क्रॉसनं केलेली ही लबाडी दुसऱ्या टोकाचा क्रॉस उलटी करून मिटवतो, पण त्याला दोन अटी. दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत हवेत, आणि शाफ्ट ज्यांना जोडतो त्या चकत्या, ट्रान्सफरचा फ्लँज व पिनियनचा फ्लँज, एकमेकांना समांतर हव्यात.

मिस्त्रींनी शाफ्ट टेबलावर सपाट ठेवला, रॉकेलच्या फडक्यानं पुसला आणि बाजूला झाले. "बघ की तूच."

एक योक आडवा होता. दुसरा थोडा तिरका. कापून वेल्ड करताना कुणी रेषेत धरलंच नव्हतं. शाफ्टवर कारखान्याचे दोन बाण असतात, समोरासमोर येण्यासाठी. त्यातला एक तर कापलेल्या तुकड्याबरोबर भंगारात गेला होता.

लांबीही चुकली होती. गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळलेली, तेव्हा त्यांनी माप घेतलं. चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावर ते अंतर वेगळंच असतं. आमचा शाफ्ट लांब झाला होता. खड्ड्यात आदळली की सरकता जोड आत पूर्ण दाबून ट्रान्सफरच्या बेअरिंगला ठोसा द्यायचा. ती ठक्क मी पाट्यांची समजत होतो. वर्षभर पाट्यांना ग्रीस मारत राहिलो असतो.

नवं माप घेताना गाडी फरशीवर, मागं दोन माणसं आणि तांदळाची दोन पोती. सरकता जोड मधोमध येईल अशी लांबी. मग मिस्त्रींनी मोबाईल काढून कोन दाखवणारं अ‍ॅप लावलं आणि फोनची कड ट्रान्सफरच्या फ्लँजला टेकवली. नंतर पिनियनच्या. दोन अंशांचा फरक. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये दोन अंशांची लोखंडी पाचर घातली, पिनियनचं नाक तेवढं उचललं गेलं. शेवटी शाफ्टचं बॅलन्सिंग.

पाचरीची किंमत सांगत नाही. सांगितली तर गेलेल्या क्रॉसचं वाईट वाटतं.

बाकीचं चटकन सांगतो. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं गिअर तेल, पण तेच उरलंय म्हणून गिअरबॉक्सात ओतू नका. त्यातली काही रसायनं बॉक्सातल्या पितळी सिंक्रो रिंगांना, म्हणजे गिअर अलगद पाडणाऱ्या कड्यांना, खातात. काही जण वजन कमी करायला ट्रान्सफर केस काढून टाकतात. जुन्या जीपचा हँडब्रेक त्याच्याच मागच्या शाफ्टवर असतो, तो कुठं जाणार याचा विचार आधी करा. आणि कागद. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीशी विसंगत बदल करू देत नाही, इंजिन बदललं तर नोंद हवी. इथं एका गल्लीत केए-२२ आणि एमएच-०९ शेजारी उभ्या असतात; कलम दोघींना तेच.

[कणकुंबीच्या अलीकडचा चढ. जीप आतून. आवाज.]

मिस्त्री शेजारी बसलेत. उजवा हात फ्लोअरवर, बरोबर शाफ्टच्या वर. डोळे मिटलेले. दुसरा, तिसरा. चढावर तिसरा धरून ठेवला, इंजिन घाईला आलं नाही. सपाटी लागल्यावर चौथा, मग पाचवा. पन्नास. आरसा स्थिर. पंचावन्न. किल्ली जागेवर.

काटा साठवर आला तेव्हा मी मोबाईलचा वेग बघितला. सहासष्ट.

"मामा, काटा खोटं बोलतोय."

मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत. "बोलणारच. मीटरची केबल ट्रान्सफरवरनं येतीय, मागचा आकडा बदलला ते त्याला कुठं ठाऊक? ते बारकं गिअर बदलायचं ऱ्हायलंय. सोमवारी ये."