गेट पा: कुंपणामागचा किल्ला

श्रोतेहो, नमस्कार.

किल्ला म्हटला की आपल्याला कातळकडे आणि बुरूज आठवतात. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचा, माओरींचा किल्ला, त्यांचा ‘पा’, दिसायला अगदीच किरकोळ. टौरांगाजवळच्या गेट पाला तर पुढे काटक्याकुटक्यांचं कुंपण होतं, बकरीनंही ढुशी देऊन पाडावं असं.

न्यूझीलंडच्याच वायकाटो भागात १८६३ पासून इंग्रजांशी युद्ध पेटलं होतं. तिकडे टौरांगामार्गे माणसं आणि रसद जाऊ नये म्हणून जनरल डंकन कॅमेरून सुमारे सतराशे सैनिक घेऊन आला. बरोबर तोफा, त्यातली एक ११० पौंडी. समोर माओरींचा सरदार राविरी पुहिराके आणि त्याचे जेमतेम सव्वादोनशे लोक. या राविरीनं महिनाभर आधीच इंग्रजांना पत्र धाडून लढाईचे नियम कळवले होते: जखमींना आणि निःशस्त्रांना मारायचं नाही, बायकामुलांना हात लावायचा नाही.

२९ एप्रिल १८६४. सकाळपासून तोफांचा भडिमार सुरू झाला. माओरींनी निशाण मुद्दाम पाच्या मागे रोवलं होतं. गोलंदाज फसले, कितीतरी गोळे डोक्यावरून गेले. तरी दुपारी कुंपणाला खिंडार पडलं आणि चारच्या सुमारास तीनेकशे सैनिक व खलाशी आत घुसले. आत सामसूम. जिंकलोच, असं त्यांना वाटलं असणार. पण खरा किल्ला पायाखाली होता! नागमोडी खंदक, त्यावर फांद्या आणि माती टाकून केलेली छपरं, आणि त्याखाली दबा धरून बसलेले बंदूकवाले. जमिनीलगतून गोळ्या सुटल्या, अधिकारी पटापट पडले आणि काही मिनिटांत फौजेनं पाठ दाखवली. इंग्रजांचे ३१ मेले, ८० जखमी झाले. माओरींचे पंचवीसेक गेले.

जखमी इंग्रज पाण्यासाठी कण्हत होते. ‘पा’मध्ये लढणाऱ्या हेनी ते किरी कारामू या बाईनं खिळ्यांच्या जुन्या डब्यातून त्यांना पाणी पाजलं. त्यात कर्नल बूथही होता. तिच्या या कामाचं श्रेय बराच काळ एका पुरुषाच्या नावावर जमा होतं. तेही आपल्याला नवीन नाही म्हणा.

रात्री माओरी पा सोडून गुपचूप निसटले. जागा धरून बसायचा त्यांचा हट्ट नव्हताच, शत्रूला तिथे ओढून आणायचं होतं.

इंग्रज मात्र धडा शिकले. २१ जूनला ‘ते रांगा’ नावाच्या जागी खंदक अर्धवट असतानाच त्यांनी माओरींना गाठलं. राविरीसह शंभरावर माओरी पडले. पुढच्या वर्षी सरकारनं टौरांगातल्या जमिनी जप्त केल्या.