कळ कुठवर जाते, ते दाखवा
(धरमपेठेत ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मे महिना लागला की माझ्याकडे कूलरचे पेशंट यायला लागतात. हसू नका, नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. पारा ४५ला टेकलेला, नळ जायच्या आत टाकी भरायची, म्हणून न्हाणीघरापासून खिडकीपर्यंत बादल्यांच्या खेपा. वाकायचं, उचलायचं आणि कमरेतून वळून ओतायचं. तिन्ही गोष्टी एका झटक्यात, आणि मणक्यातल्या गादीला नेमकं हेच सोसत नाही. चौथ्या-पाचव्या बादलीला कंबर चमकते. दोन दिवसांनी माणूस एका अंगाला झुकत दवाखान्यात शिरतो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, कमरेचं जाऊ द्या, पाय निस्ता जयून ऱ्हायला!"

मी तेव्हा फाईल उघडत नाही. म्हणतो, कळ कुठवर जाते ते बोटानं दाखवा.

कुल्ल्यात दुखलं की लगेच सायटिका, म्हणजे कमरेतून पायात जाणाऱ्या नसेचं (मज्जातंतूचं) दुखणं, असं नसतं. स्नायूंचं, सांध्यांचं दुखणंही मांडीपर्यंत उतरतं. पण कळ गुडघ्याखाली गेली, पोटरीतून पावलात मुंग्या आल्या, तर बहुधा नसच बोलतेय. कमरेच्या खालच्या मणक्यांतून पाच मुळं निघतात, कुल्ल्यात एकत्र येतात आणि शरीरातली सगळ्यात जाड नस तयार होते. तिथं ती जवळजवळ अंगठ्याएवढी रुंद असते. मांडीच्या मागून उतरते, गुडघ्याच्या वर तिचे दोन फाटे होतात. म्हणून दोष कमरेत आणि बोंब पायात. बधिरपणा अंगठ्याकडे असेल तर बहुतेक वेळा पाचव्या मणक्याचं मूळ, करंगळी आणि टाचेकडे असेल तर त्याच्या खालचं. चवड्यावर उभं राहा, टाचांवर चाला, एवढं करून घेतलं तरी पुष्कळ कळतं.

आपल्याकडे या दुखण्याला गृध्रसी म्हणत, गिधाडासारखी चाल म्हणून. पाय उचलताच येत नाही, हे सुश्रुतसंहितेतही नोंदलेलं आहे. आम्ही आज उताणं झोपवून पाय सरळ वर उचलतो, ती तपासणी याच्याच जवळची. पण गादीचा आणि या कळेचा संबंध सगळ्यांना पटला तो १९३४ साली, बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांच्या लेखानंतर.

तुम्ही म्हणता "गादी सरकली", "मणक्यात गॅप आला". गादी साबणाच्या वडीसारखी सरकत नाही, ती दोन्ही मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. तिचं बाहेरचं वेष्टण चिरतं आणि आतला मऊ गर बाहेर येतो. तो नसेला दाबतो, शिवाय तिथं दाह करतो. दिलासा असा, की हा गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, आणि मोठा, सुटून पडलेला तुकडा तर अनेकदा जास्तच आक्रसतो. बहुतेकांची तीव्र कळ सहा ते बारा आठवड्यांत ओसरते.

पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेतलेले इथं किती जण आहेत? बघा, मागच्या रांगेत हात वर झाले! उसण आठवड्याभरात बहुधा आपोआप जाते, श्रेय लाथेला मिळतं. आमच्या गोळ्यांनाही कधीकधी तसंच मिळतं, हे कबूल करतो. पण पायात कळ असताना लाथ नको, जोरदार मालीश नको.

एमआरआयचंही तसंच. काहीच दुखत नसलेल्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा निघाला. विशीतल्या ३० टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. तेव्हा रिपोर्टवरचा 'बल्ज' वाचून रात्र जागू नका.

करायचं काय? फार तर दोन दिवस पडून राहा, मग उठा. घरातल्या घरात, थोडं थोडं, पण चाला. एका बैठकीत तास काढू नका, दुचाकीवर वर्धा रोडचे खड्डे मोजू नका. दुखण्याच्या गोळ्या मनानं घेऊ नका. उन्हानं पाणी कमी झालेल्या शरीरात त्या किडनीला त्रास देतात, बीपी-शुगर असेल तर अधिकच.

व्यायाम सुरू झाला की मी रोज एकच विचारतो: आज कळ कुठवर? पावलातली कळ पोटरीत, पोटरीतली कुल्ल्यात चढली आणि कंबर मात्र जास्त दुखू लागली, की लोक घाबरून व्यायाम सोडतात. अहो, ती चांगली खूण आहे! दुखणं खाली उतरत असेल तर तो व्यायाम थांबवा.

आता उलटी बाजू. कळ अचानक थांबली, पण चालताना चप्पल पायातून निसटते, पाऊल फरफटतं. याला बरं होणं म्हणत नाहीत, नस दमलीय. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि लघवी अडली, संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट मोठं हॉस्पिटल. तिथं तास मोजले जातात. ताप, वजन घटणं, पूर्वीचा कर्करोग किंवा टीबी असेल तर तेही आधी सांगा.

बाकीच्यांना ऑपरेशनची घाई नसते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या अभ्यासात लवकर ऑपरेशन केलेल्यांचा पाय लवकर मोकळा झाला, पण वर्षअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच. मात्र वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांनाही शेवटी ऑपरेशन लागलंच, हेही लपवत नाही.

अंबाझरीला फिरताना थोड्या अंतरावर दोन्ही पाय जड होतात, बाकावर पुढं वाकून बसलं की मोकळे होतात, असं होत असेल तर प्रकरण वेगळं, नसेची जागा अरुंद झालेली असू शकते. नुसते दोन्ही तळपाय रात्री जळत असतील, तर आधी साखर तपासा.

काकू, विचारा. कूलर मग भरायचा कुणी? बादली बंद करा, नळाला लांब पाइप लावा आणि टाकीत फ्लोट बसवून घ्या. काका, तुम्ही मान हलवताय, पण पाइप आणायला आजच जा. उद्याही ४५ आहे.