नाव घेणारं संगीत

नमस्कार, श्रोतेहो.

एक छोटा प्रयोग करून बघू या. तोंड मिटूनच करायचा आहे, त्यामुळे शेजारी कोणी बसलेलं असलं तरी हरकत नाही. 'सुपरमॅन' हे नाव ओठ न उघडता, नुसतं गुणगुणून म्हणा. सु... पर... मॅन. पहिली दोन भरभर जातात आणि तिसऱ्यावर आवाज आपोआप टेकतो, लांबतो. जमलं?

१९७८ साली लंडनजवळ डेनम इथल्या एका स्टुडिओत लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे वादक नेमकं हेच करत होते. 'सुपरमॅन' चित्रपटाच्या शीर्षकसंगीताचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. संगीत जॉन विल्यम्स यांचं, वाद्यवृंदापुढे उभेही तेच. पितळी वाद्यं वर चढत चढत त्या तीन स्वरांवर आली आणि दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांना राहवलं नाही. ध्वनिमुद्रण चालू आहे याचं भान सुटलं आणि ते ओरडत धावले, की अहो, हे संगीत चक्क सुपरमॅनचं नाव घेतंय! तो टेक अर्थातच वाया गेला. डॉनर पुढे ही हकिकत स्वतःच हौसेनं सांगायचे.

मला हा किस्सा कळला तोवर ती धून मी शेकडो वेळा ऐकलेली होती. कॅसेटवर, मग सीडीवर. कुठे काय वाजतं ते पाठ होतं, पण नाव काही ऐकू आलं नव्हतं. त्या रात्री हेडफोन लावून पुन्हा बसले. आणि आलं की हो! ट्रम्पेटनं स्वच्छ, खणखणीत नाव घेतलं. तेव्हापासून ते कानातून गेलेलं नाही, आणि आज मी तुमच्यासमोर बोलायला आले आहे ती त्या तीन स्वरांपायीच.

माझ्या घरी दोन फळ्या आहेत. एकीवर कॉमिक्स, दुसरीवर चित्रपटांच्या पार्श्वसंगीताच्या ध्वनिमुद्रिका. येणारी जाणारी माणसं विचारतात, या दोन वेडांचा एकमेकांशी संबंध काय? मी म्हणते, फार जवळचा. कॉमिकचं पान मुकं असतं. त्याला आवाज हवा असतो.

माझ्या पिढीतल्या पुष्कळांसारखी मीसुद्धा आधी वेताळाची, म्हणजे इंग्रजीतल्या 'फँटम'ची, जंगलात राहणाऱ्या त्या मुखवट्यातल्या नायकाची. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ च्या मार्चमध्ये वेताळाच्या कथेनं सुरू झालं, १९९० पर्यंत चाललं, आणि मराठीतही निघायचं. मला ते अंक सापडले मामाच्या माळ्यावर, एका पत्र्याच्या ट्रंकेत. मे महिन्याची सुट्टी, वर कौलं तापलेली. अंकांच्या पिना गंजून कागदावर तपकिरी डाग उमटलेले, आणि छपाईत रंग रेषेबाहेर सरकलेला, म्हणजे ओठांचा लाल हनुवटीवर. त्यातली एक चौकट मला आजही दिसते. रात्र आहे, झाडांच्या काळ्या आकृत्या आहेत, पुढे एक ढोल आणि त्यावर दोन हात. ढोलावर तीन छोट्या वाकड्या रेघा. बस. वेताळाच्या जंगलात निरोप ढोलावरून जातो, एका टोळीकडून दुसरीकडे. वेताळ येतोय, हे जंगलाला ढोल सांगतो. पण कसं सांगतो? तो आवाज कसा असेल? पानावर तर काहीच नाही. मग मी ट्रंकेच्या झाकणावर बोटांनी वाजवायची. वे-ताळ, वे-ताळ. मामी खालून ओरडायची, "अगं काय चाललंय वरती? जरा डोळा लागला होता!"

हे सगळं सांगितलं अशासाठी, की सुपरहिरोच्या चित्रपटाला संगीत देणारा माणूस माझ्या मते त्याच झाकणावर वाजवत बसलेला असतो. त्याच्यासमोरही तीन वाकड्या रेघाच असतात.

डॉनर यांच्या चित्रपटाची सुरुवात आठवून बघा. पडदा बाजूला सरकतो, चित्र कृष्णधवल आणि लहानसं. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला त्या 'ॲक्शन कॉमिक्स' मासिकाचा अंक दिसतो, त्यावर जून १९३८. एक लहान मूल पान उलटतं आणि वाचू लागतं. त्या मुलाचा आवाज संपतो, आपण कागदातून निघून आकाशात जातो, चित्र रुंदावतं, आणि निळी अक्षरं सूं करत अंगावर येतात. कॉमिकचं पान ते सबंध वाद्यवृंद, हा सगळा प्रवास तिथे एका मिनिटाच्या आसपास होतो. खाली तंतुवाद्यं एकच ठेका धरून बसतात, धावायच्या आधी पाय आपटावेत तशी. वर ट्रम्पेट सा आणि प या दोन भक्कम स्वरांवर पाय रोवतो. आपल्या कानाला हे दोन स्वर परके नाहीत, तानपुऱ्यात रोज ऐकतो. अचल म्हणतो आपण त्यांना, म्हणजे अढळ. न डगमगणाऱ्या माणसाची धून अढळ स्वरांवर उभी आहे, याचा मला अजूनही नव्यानं आनंद होतो.

आता त्या निळ्या अक्षरांतली एक ओळ. बहुतेकांची नजर तिच्यावरून घसरते. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅन निर्माण केला, असं ती ओळ सांगते. ती तिथे यायला चाळीस वर्षं लागली.

सीगल आणि शुस्टर ही ओहायोमधल्या क्लीव्हलँडची दोन मुलं. एक लिहायचा, दुसरा चित्रं काढायचा. १९३८ मध्ये त्यांना प्रकाशकाकडून ४१२ डॉलरचा धनादेश मिळाला. त्यातली बरीचशी रक्कम इतर कामाची. सुपरमॅनचे त्यात १३० डॉलर. तेवढ्यात सगळे हक्क गेले. आणि श्रोतेहो, त्या धनादेशावर दोघांची आडनावंही चुकीची लिहिली होती. म्हणून मागे दोघांना दोनदोन सह्या कराव्या लागल्या, एक चुकलेल्या नावाची आणि एक खऱ्या. पुढे सुपरमॅन जगभर गेला आणि यांची नावं त्याच्यावरून गळाली. १९७५ मध्ये चित्रपटाचं काम सुरू असल्याचं कळलं तेव्हा सीगल यांनी जाहीर निषेध केला. शुस्टर यांची दृष्टी तोवर जवळजवळ गेली होती. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी त्यांच्यासाठी रान उठवलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी तडजोड झाली. दोघांना दरवर्षी २०,००० डॉलर, आणि नाव परत. विल्यम्स यांच्या त्या संगीतावर ही दोन नावं पडद्यावर येतात तेव्हा माझ्या घशात आवंढा येतो. वाद्यवृंद नायकाचं नाव घेतोय आणि त्याच वेळी पडदा त्याच्या जन्मदात्यांचं.

रेडिओवर बोलते आहे तर रेडिओचं ऋणही सांगायलाच हवं. कॉमिकमधला सुपरमॅन आधी उडत नव्हता, झेपा घेत होता, एका झेपेत मैलाचा आठवा हिस्सा. १९४० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत त्याची रेडिओमालिका सुरू झाली. ऐकणाऱ्याला तर दिसत काहीच नाही. तेव्हा तो निघाला आहे हे कळावं म्हणून त्याच्या तोंडी 'वर, वर, दूर' अशा अर्थाची आरोळी आली आणि मागे वाऱ्याचा सोसाटा. क्रिप्टोनाइट, ज्याच्यापुढे सुपरमॅनची ताकद लुळी पडते, तेही आधी १९४३ मध्ये रेडिओवर आलं, कॉमिकमध्ये नंतर. आणि बड कॉलियर नावाचा नट एकाच वाक्यात आवाज पालटायचा. क्लार्क केंट, म्हणजे सुपरमॅनचं रोजच्या जगण्यातलं चष्म्यातलं रूप, म्हणून बोलता बोलता सूर खाली, भरदार करायचा, की झाला सुपरमॅन. चष्मा नाही, झगा नाही, नुसता सूर. हा आवाज कोणाचा, हे मालिकेनं १९४६ पर्यंत गुप्त ठेवलं होतं. मी इथे या मायक्रोफोनसमोर बसताना मला त्याची आठवण झाली.

बॅटमॅनकडे यायचं तर संगीतकार डॅनी एल्फमन. १९८९ चा टिम बर्टन यांचा चित्रपट. एल्फमन रॉक बँडमधून आलेला, संगीताचं रीतसर शिक्षण नसलेला माणूस. लंडनला चित्रीकरण बघून विमानानं परतताना त्याला ती धून सुचली. शेजाऱ्यांसमोर गुणगुणणार कसं? म्हणून तो छोटा टेपरेकॉर्डर घेऊन विमानाच्या स्वच्छतागृहात शिरायचा, दोन ओळी गाऊन बाहेर यायचा, पुन्हा आत जायचा. विमानातले कर्मचारी काळजीत पडले, की याला बरं नाही की काय. पाच स्वरांची ती काळोखी धून अशी जन्मली. चित्रपट सुरू होतो तेव्हा कॅमेरा दगडी घळींतून फिरत राहतो, आणि वर चढल्यावर कळतं, की आपण वटवाघळाच्या चिन्हातच फिरत होतो.

पण माझा जीव जडला आहे तो त्या वाद्यवृंदापुढे उभ्या राहिलेल्या बाईंवर. शर्ली वॉकर. एल्फमन यांचं ते संगीत वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं ते त्यांनी. हॉलीवूडमध्ये तेव्हा बाईच्या हाती मोठ्या चित्रपटाचा वाद्यवृंद जाणं फार दुर्मीळ होतं. १९९२ मध्ये बॅटमॅनची ॲनिमेशन मालिका आली आणि तिचं संगीत त्यांच्याकडे आलं. मुलांची मालिका म्हणून कोणी सिंथेसायझरवर भागवलं असतं. वॉकर यांनी आणि त्यांच्या हाताखालच्या तरुण संगीतकारांनी भागामागून भाग स्वतंत्र संगीत लिहिलं आणि खऱ्या वादकांकडून वाजवून घेतलं. त्यांचा बॅटमॅन एल्फमनच्यापेक्षा दुःखी आहे. एल्फमनचा बॅटमॅन छतावर उभा असतो, वॉकर यांचा आईबापांच्या थडग्यापाशी. मला दुसरा अधिक खरा वाटतो, कारण कॉमिकमध्ये सगळं तिथूनच सुरू होतं.

१९९३ मध्ये याच मालिकेवरून एक चित्रपट निघाला. त्याच्या सुरुवातीला समूहगान आहे, चर्चमधल्या लॅटिन प्रार्थनेसारखं गंभीर. शब्द कळत नाहीत, पण अंगावर काटा येतो. ते शब्द लॅटिन नाहीतच. वॉकर यांनी त्यांच्यासोबत काम करणाऱ्या माणसांची नावं घेतली, उलटी लिहिली आणि तीच गायला दिली. ज्यांची नावं शेवटी सरकन निघून जातात, प्रेक्षक उठून गेल्यावर, त्यांची नावं त्यांनी सुरुवातीलाच चाळीसपन्नास गळ्यांत घातली असावीत तसं ते भरून ऐकू येतं. २००६ मध्ये त्या गेल्या.

आणि बॅटमॅनच्याच गोष्टीत एक नाव फार उशिरा आलं. लेखक बिल फिंगर. १९३९ मध्ये बॅटमॅन आला तेव्हा श्रेय एकट्या चित्रकार बॉब केन यांना मिळालं. खरं तर झगा, काळपट पोशाख, बॅटमॅनचं ब्रूस वेन हे खरं नाव, गॉथम हे त्याचं शहर, यांत फिंगर यांचा मोठा हात. ते १९७४ मध्ये वारले. त्यांचं नाव रीतसर छापलं जाऊ लागलं २०१५ पासून. १९८९ च्या त्या दगडी घळींत ते नाही. मी ते शीर्षक बघताना दर वेळी शोधते, नाही हे माहीत असूनसुद्धा.

नंतरच्या काळात धुना आखडत गेल्या. संगीतकार हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांच्या २००५ च्या बॅटमॅनला दोन स्वर पुरले. २००८ मध्ये बॅटमॅनचा वैरी जोकर याच्यासाठी झिमर यांनी चेलोचा एकच स्वर घेतला, तो ताणत ताणत कानशिलं दुखेपर्यंत नेला. परिणाम जबरदस्त आहे, नाकारत नाही. पण थिएटरमधून बाहेर पडताना मला ओठांवर काहीतरी घेऊन यायचं असतं.

ते मला दिलं 'ब्लॅक पँथर'नं, २०१८ मध्ये. संगीतकार स्वीडनचा लुडविग योरानसन. आफ्रिकेतल्या काल्पनिक राज्याची गोष्ट, म्हणून तो उठला आणि सेनेगलला गेला, गायक बाबा माल यांच्या दौऱ्यात हिंडला. तिथे त्याला मसांबा जोप भेटले, तामा वाजवणारे. तामा म्हणजे बोलका ढोल. आकार डमरूसारखा, दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या दोऱ्या. काखेत धरून दाबला की दोऱ्या ताणतात आणि सूर चढतो. आपल्याकडे यल्लमाच्या जोगत्यांचं चौंडकं ऐकलं असेल, तार ओढली की सूर कसा माणसासारखा वर जातो, त्याच जातीचं हे. जोप यांनी त्या ढोलावर नायकाचं नाव वाजवलं. टी-चा-ला. चित्रपटभर तो ढोल राजाला नावानं हाक मारतो. पुढच्या वर्षी योरानसन यांना या संगीतासाठी ऑस्कर मिळालं.

थिएटरच्या अंधारात ते ऐकलं आणि माझी बोटं खुर्चीच्या हातावर आपोआप वाजू लागली. मामाचा माळा, तापलेली कौलं, तीन वाकड्या रेघा. ढोल नाव कसं घेतो, ते इतक्या वर्षांनी कळलं होतं.

आता काचेपलीकडून मला खूण झाली आहे. आपण १९७८ चं ते डेनमचं ध्वनिमुद्रण ऐकणार आहोत. आधी खाली तंतुवाद्यांचा ठेका येईल. त्याच्यासोबत पाय वाजला तर वाजू द्या. मग पितळी वाद्यं चढू लागतील. तिथे डोळे मिटा, आणि तीन स्वर येतील त्यांची वाट बघा. दोन आखूड, एक लांब.