हौद्याची माती

मंडळी, पत्रिकेत माझ्या विषयाचं नाव ‘कोल्हापूरच्या तालमींचा इतिहास’ असं छापलंय. इतिहासाकडे येतोच. पण आधी हौद्याबद्दल, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याबद्दल बोलू द्या. तालमीवर बोलणारी माणसं पैलवानांची नावं घेतात, गदा मोजतात, आणि ज्या मातीत हे सगळं झालं ती माती राहून जाते.

इथं किती जणांनी हौदा उकरलाय? हात वर करा बघू. छान! गुडघ्याची तक्रार असलेले सगळेच निघाले.

मग तुम्हाला ठाऊक आहे. पहाटे लंगोट लावून उतरलं की वस्ताद पहिल्यांदा खोरं हातात द्यायचे. खालची माती वर, वरची खाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग फळीवर एकाला उभं करायचं आणि दुसऱ्यानं ती ओढत माती सारखी करायची. एवढं होईतो अंगातून घामाच्या धारा लागायच्या, आणि अजून कुणी कुणाचा पट काढलेला नसायचा. माती तरी कसली! तांबडी, चाळणीनं चाळलेली. तिच्यात काव, हळद, कापूर, लिंबाचा रस, तेल आणि ताक. ताक पेठेतल्या घरांतून यायचं. आमच्या शेजारच्या काकूंनी तालमीचा उंबरा कधी ओलांडला नाही, पण त्यांची ताकाची कळशी चुकली नाही. मी घरी परतताना दिसलो की विचारायच्या, “माती कशी हाय रे आता?” कुस्ती कोण जिंकलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

माझं म्हणणं हेच आहे. तालीम पेठेची झाली ती या मातीमुळं. हौदा चार दिवस तसाच सोडा, दगडासारखा बसतो. त्याला रोज राबणारे हात लागतात. रोज राबायचं म्हटलं की पाळी ठरते, वर्गणी निघते, एखादा आला नाही तर त्याच्या घरी निरोप जातो, घरात आजारपण आहे असं कळलं की चार जण दवाखान्यात जाऊन बसतात. मंडळ उभं राहतं ते यातनं.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालमीत व्यायामाची यंत्रं आली. यंत्रांशी माझं वैर नाही, माझा नातू त्यांच्यावरच व्यायाम करतो. पण ती ठेवायला जागा हवी म्हणून हौदा काढून फरशी घालायची ठरली. बैठकीत विरोधाला मी एकटा उभा राहिलो. एका पोरानं विचारलं, “काका, मातीत आता येतंय कोण?” प्रश्न खरा होता. पहाटे सहाच पोरं उतरत होती. मला उत्तर देता आलं नाही, आणि ती सल अजून गेलेली नाही.

बोळ अरुंद, ट्रॉली दारापर्यंत येईना. मजूर घमेल्यांनी माती बाहेर नेत होते. मी पायरीवर बसून बघत होतो. त्यातला एक जण मधेच थांबला. मूठभर माती नाकाशी नेली आणि मला म्हणाला, “मालक, ह्या मातीला कापराचा वास कसा काय ओ?” मी सांगितलं. त्यानं घमेलं खाली ठेवलं, पायातलं पायताण काढून भिंतीकडेला सारलं, आणि मग घमेलं परत डोक्यावर घेतलं. संध्याकाळपर्यंत तो अनवाणीच होता.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. इतिहास आता भरभर सांगतो.

शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. त्यांनी मल्लांना आश्रय दिला, पार पंजाबापासूनचे पैलवान इथं आले. १९१२ साली खासबाग मैदान झालं. मधे हौदा आणि भोवतीनं चढत गेलेली बैठक, शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी म्हणून. १९४९ साली संस्थान विलीन झालं, राजाश्रय सरला. पुढं तालमी धरून ठेवल्या त्या पेठांनी.

खाशाबा जाधव गोळेश्वरचे, शिकायला राजाराम कॉलेजात आले. मातीत वाढलेला हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकला मॅटच्या गादीवर लढला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढं श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी, मग मोतीबाग तालमीचे गणपतराव आंदळकर. त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यान हवं.

आणि फुटबॉल! पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. शाहू स्टेडियमवर या संघांच्या नावांनी पोरं घसा फोडतात, आणि या प्रत्येक नावापुढं ‘तालीम’ आहे. बाबूजमाल तालमीत गणपती आणि मोहरमचा पंजा शेजारी बसतात. २०१८, २०१९, २०२० अशी लागोपाठ तीन वर्षं मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले, तेव्हा एकाच मांडवात दोघांची सेवा झाली.

त्या पोराला मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की बाबा, पहाटे सहा जण लढत असतील, पण ताक चाळीस घरांतून येतंय.

त्या दिवशी अकरा घमेली माती मी मारुतीच्या देवळामागं ठेवून घेतली होती. गेल्या पावसाळ्यानंतर त्याच पोरानं आणि त्याच्या मित्रांनी मागच्या परड्यात लहानसा हौदा खणला, नवी तांबडी माती आणली आणि ही अकरा घमेली तिच्यात विरजणासारखी घातली. येत्या रविवारी सहाला माती उकरायची आहे. काकू आता नाहीत, त्यांची सून कळशी पाठवणार आहे. तुम्हीही या, आणि ताक आणलंत तर चांगलं आंबट आणा.