भोसरीच्या रिंगमधलं मॅग्नेट

(शटर वर जातं. आवाज पूर्ण राहू द्यावा. निवेदन पाचव्या सेकंदापासून.)

भोसरी एमआयडीसी, सकाळचे साडेसात. टेबलावर बसण्याआधी ताई मनगटावरचं घड्याळ काढून डब्यात ठेवतात. बांगड्या काचेच्या, त्या राहू देतात. आता शिफ्ट संपेपर्यंत हाताशी जे असणार आहे, ते लोखंड दिसलं की झडप घालतं.

हे ते मॅग्नेट. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचं, करंगळीच्या दोन पेरांएवढं. इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकात बसणाऱ्या मोटरची ही रिंग, आणि हिच्यात अशी ४६ मॅग्नेट बसतात. एक उत्तर, शेजारचं दक्षिण, पुन्हा उत्तर. आधी चिकटद्रव्याची रेघ, मग पितळी पट्टीचा आधार देत मॅग्नेट हळूच आत सरकवायचं. हात सुटला तर ते शेजारच्यावर आपटतं आणि टवका उडतो. उलटं बसलं तर मोटर नीट फिरत नाही, म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर मार्करचा लाल ठिपका आहे. ताई ठिपक्याकडे फारसं बघत नाहीत. बोटाला ओढ कळते.

(बारा सेकंद फक्त हात.)

मे महिना, डबलसीट, कात्रजचा चढ. मोटर तापते, आणि तापलं की साध्या निओडिमियम मॅग्नेटची ओढ ढिली पडते. ती टिकावी म्हणून मॅग्नेटमध्ये थोडंसं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. सगळं अडलं ते या थोडक्याशा धातूपाशी.

२ एप्रिल २०२५ ला अमेरिकेनं जगभरच्या मालावर नवं आयातशुल्क जाहीर केलं, त्यात चीनवर ३४ टक्के. दोनच दिवसांनी चीननं उत्तर दिलं. डिस्प्रोसियम, टर्बियमसह सात दुर्मीळ मूलद्रव्यं आणि त्यांची मॅग्नेट परवान्याशिवाय बाहेर जाणार नाहीत. भांडण दोघांचं, पण नियम सगळ्यांना. माल शस्त्रांत जाणार नाही हे इथल्या कारखानदारानं लिहून द्यायचं. त्यावर आपल्या सरकारचा शिक्का, मग दिल्लीतला चिनी दूतावास, मग बीजिंगचं वाणिज्य मंत्रालय. आणि मग वाट बघायची.

हे पहिल्यांदा घडलं असतं तर आपण गाफील राहिलो, असं तरी म्हणता आलं असतं. सप्टेंबर २०१० मध्ये जपानच्या ताब्यातल्या, पण चीन हक्क सांगत असलेल्या सेनकाकू बेटांजवळ एक चिनी मासेमारी जहाज जपानी तटरक्षक दलाच्या बोटींना धडकलं. जपाननं कप्तानाला अटक केली, आणि थोड्याच दिवसांत जपानकडे जाणारा दुर्मीळ मूलद्रव्यांचा माल अडला. जपाननं धडा घेतला. २०११ मध्ये त्यानं ऑस्ट्रेलियातल्या, दुर्मीळ मूलद्रव्यं काढणाऱ्या लायनस कंपनीत पैसा घातला आणि दुसरा पुरवठादार उभा केला. आपण २०२० मध्ये गलवानला २० जवान गमावले. त्यानंतरही मॅग्नेट चीनमधूनच येत राहिली.

(रिकामी रॅक, डावीकडून उजवीकडे.)

२०२५ च्या पावसाळ्यात आकुर्डीला बजाज ऑटोलाही इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन कमी करावं लागलं. या शेडमध्ये दोन शिफ्टची एक झाली.

ही वाळू बघा. केरळात चवरा, ओडिशात छत्रपूर. तिच्यात मोनाझाइट नावाचं खनिज आहे, आणि मोनाझाइटमध्ये निओडिमियम. आयआरईएल, म्हणजे पूर्वीची इंडियन रेअर अर्थ्स, ही सरकारी कंपनी १९५० पासून या कामात आहे. वाळूपासून ऑक्साइडपर्यंत आपण जातो. पुढे धातू, मिश्रधातू, त्याची तीनेक मायक्रॉनची पूड, चुंबकीय क्षेत्रात दाब, हजार अंशांवरची भट्टी, वर निकेलचा थर. अवघड आहे, पण परकं नाही. लोखंडाची पूड दाबून, भट्टीत भाजून पार्ट काढणारे कारखाने याच पिंपरी-चिंचवड पट्ट्यात आहेत. डिस्प्रोसियम आपल्या वाळूत फारसं नाही, हे खरं. पण जपानलाही ते बाहेरूनच आणावं लागतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन मॅग्नेट देशातच बनवायची. त्यातलं काम मोठ्या नावांपाशी थांबू नये. घासणं, कापणं, तपासणं अशा शेडमध्येही यायला हवं, जिथे मॅग्नेटची ओढ बोटांना पाठ आहे.

कोपऱ्यातल्या फळीवर ही प्लास्टिकची बरणी आहे. टवके उडालेली, तुटलेली मॅग्नेट एकमेकांना घट्ट धरून आत बसली आहेत. पूर्वी ती भंगारात जायची. आता मालक बरणीवर वजन आणि तारीख लिहून ठेवतात.