या कापडाचं नाव काय?

(घानाची राजधानी आक्रा येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी,

आज इथे पैठण्या आहेत, खण आहेत आणि बऱ्याच जणांच्या खांद्यावर केंटे, म्हणजे घानाचं रंगीत नक्षीदार कापडही आहे. ज्या देशाचं मीठ खातो, त्याचं वस्त्र आपण सणासुदीला आवडीने अंगावर घेतो, याचा मला आनंद आहे. माझी आजची मागणी त्या केंटेबद्दलच आहे.

मी इथे आले त्या पहिल्याच वर्षी शेजारच्या घरी लग्न होतं. बाजारातून पिवळं, हिरवं, लाल केंटे आणलं, शिवून घेतलं, घालून गेले. घरातल्या आजींना सगळे 'नाना' म्हणायचे. इथल्या ट्वी भाषेत आजी, आजोबा, वडीलधारे, गावचे प्रमुख या सगळ्यांनाच नाना म्हणतात. आपल्या कानाला किती ओळखीचा शब्द! नानांनी माझ्या कापडाची कड हातात घेतली, उलटून पाहिली. मागची बाजू फिकट, पांढरट होती. त्या रागावल्या नाहीत. मायेने एवढंच विचारलं, "याचं नाव काय?"

मला उत्तर देता आलं नाही. छापील कापड होतं ते, त्याला नाव नव्हतंच.

खऱ्या केंटेला नाव असतं. 'ओयोकोमान' हे असांते या इथल्या लोकांच्या राजघराण्याच्या कुळावरून आलेलं नाव. 'सिका फुतुरो' म्हणजे सोन्याची धूळ. 'अद्वेनेआसा' म्हणजे विणकराला येत होत्या तेवढ्या सगळ्या नक्ष्या त्यात आल्या, कसब संपलं. घानाचे पहिले नेते क्वामे न्क्रुमा यांनी 1957 च्या अखेरीस इजिप्तच्या फातिया यांच्याशी लग्न केलं, तेव्हा केंटेच्या एका वाणाला, म्हणजे नक्षीच्या प्रकाराला, नाव पडलं 'फातिया फाता न्क्रुमा', म्हणजे फातिया न्क्रुमांना शोभते. 1966 साली लष्कराने न्क्रुमांची सत्ता उलथवली. कापड तेच राहिलं, नाव बदललं: 'ओबाकोफो म्मू मान', एकट्या माणसाने राष्ट्र चालत नाही. एक धागा न बदलता कापड लोकांच्या मनातलं बोलू लागलं. हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

शेजारच्या त्या लग्नानंतर मी कुमासी या असांतेंच्या मुख्य शहराजवळच्या बोनविरे गावी गेले. असांते केंटेचं माहेरच ते. तिथले लोक सांगतात की दोघा जणांनी रानात कोळ्याला जाळं विणताना पाहिलं आणि त्याच्याकडून ही विद्या घेतली. मी एका विणकराशेजारी बाकावर बसून होते. उभे धागे समोर अंगणात लांबवर ताणलेले आणि टोकाला लाकडी फळीवर ठेवलेला जड दगड. धागे वरखाली करणाऱ्या दोऱ्या पायाच्या बोटांत धरलेल्या. डावा पाय, उजवा पाय, मध्ये धोटा सर्रकन जातो, फणी ठोकली जाते. जसजसं कापड विणून होतं, तसतसा तो दगड मातीत रेघ ओढत विणकराकडे सरकतो. अर्ध्या दिवसात तो किती पुढे आला हे मी त्या रेघेवरून पाहिलं. ती रेघ माझ्या वितीपेक्षा फार मोठी नव्हती.

एवढं करून हाती येते ती जेमतेम 4 इंच रुंदीची पट्टी. पुरुषाच्या पूर्ण वस्त्राला अशा साधारण 24 पट्ट्या शेजारी शेजारी शिवाव्या लागतात, आणि नक्षी एका पट्टीतून दुसरीत जुळायला हवी. व्होल्टा भागातले एवे लोकही केंटे विणतात. त्यांच्या पट्ट्यांत पक्षी, मासे, माणसाचे हात येतात. मूळ केंटे कुणाचं, हा वाद दोन्हीकडे जिव्हाळ्याचा आहे. आपण पाहुण्यांनी त्यात पडू नये.

आणि ओळख म्हणजे फक्त आपापल्या गावचं कापड नव्हे, हेही मी याच देशात शिकले. 6 मार्च 1957 च्या मध्यरात्री, याच आक्रात, न्क्रुमांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. ते नैर्ऋत्येच्या किनाऱ्याकडचे, पण त्या क्षणी अंगात होता उत्तरेचा फुगू, म्हणजे हातमागाच्याच पट्ट्या जोडून शिवलेला घोळदार अंगरखा. पुढे परदेशी गेले ते असांतेंचं केंटे पांघरून, आणि त्यांचे कडवे विरोधक तर कुमासीतच होते! कुठल्या प्रांताचं वस्त्र कुठे घालायचं, याचा त्यांनी केलेला विचार मला आजही थोर वाटतो.

2024 च्या डिसेंबरात युनेस्कोने केंटेची विणकला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. अभिमानाचीच गोष्ट. पण बोनविरेच्या विणकराचं पोट त्या यादीवर भरत नाही. यंत्रावर छापलेलं केंटे त्याच्या किमतीच्या अंशाने विकलं जातं, आणि घेणाऱ्यांत आपणही आहोत. यंत्रमागावरच्या नकली पैठणीने येवल्याच्या विणकरावर काय वेळ आणली, हे मी तुम्हाला सांगायला नको. तिथे आपल्याला दुखतं, मग इथेही दुखायला हवं.

म्हणून मागणी अशी. आपण पाहुण्यांचा सत्कार शाल-श्रीफळाने करतो, आणि इथे आल्यापासून शालीच्या जागी छापील केंटे घालतो. ते बंद करूया. पूर्ण वस्त्र मंडळाला परवडणार नाही, हे खजिनदारांनी मला आधीच सांगितलंय. पण दोन पट्ट्यांचं उपरणं परवडतं. ते थेट विणकराकडून घ्यावं आणि सत्कार करताना मंचावरून त्या वाणाचं नाव मोठ्याने सांगावं.

सुरुवात आजच करते. हे उपरणं मी बोनविरेहून आणलंय. वाणाचं नाव 'एमा दा', म्हणजे असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. अध्यक्षांना विनंती, पुढे यावं. आणि काकू, तुम्हीही या, जरा हात लावून बघा. मधोमध बोट फिरवा, दोन पट्ट्यांमधली शिवण लागेल.