रंग तेवढा…

"नाकीडोळी नीटस आहे, रंग तेवढा…" मुलगी बघून आलेल्या घरात हे वाक्य कधी पुरं होत नाही. ते पुरं करायची गरजच पडत नाही.

गोऱ्या रंगाचं वेड काही जाहिरातींनी आणलेलं नाही. साय, डाळीचं पीठ, हळद घरात होतीच. 'उन्हात हिंडू नको, काळी पडशील' हेही होतंच. पण 1975 साली हिंदुस्तान लिव्हरने फेअर अँड लव्हली बाजारात आणली आणि या वेडाला मोजपट्टी मिळाली.

जुनी खोकी बघा. एकच चेहरा दोनदा: एक सावळा, एक उजळ. सोबत गडद ते फिकट अशी रंगपट्टी. आपण कितव्या घरात बसतो, हे आता आरशासमोर उभं राहून ठरवता येत होतं. ती पट्टी कंपनीने काढून टाकली, तेव्हा 2019 उजाडलं होतं.

आणि जाहिरातीतली गोष्ट? वडील उसासा टाकतात, मुलगा असता तर! मुलगी ऐकते, क्रीम लावते, हवाई सुंदरी होते, आईवडिलांना कॉफी प्यायला नेते. म्हणजे मुलगी असल्याचं उणंही गोरेपणाने भरून निघतं. जनवादी महिला संघटनेने तक्रार लावून धरली आणि 2003 मध्ये ही जाहिरात बंद झाली. दोनच वर्षांत पुरुषांसाठीही गोरेपणाची क्रीम आली.

आता हा फोटो. खास 'स्थळासाठी' काढलेला. स्टुडिओवाल्याने न विचारताच चेहरा उजळ केलाय, पण हात करायचे राहिले. कपाळापासून हनुवटीपर्यंत एक मुलगी, मनगटाखाली दुसरी. बायोडेटात रंगाच्या रकान्यात 'गव्हाळ' लिहायचं. महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या मुली गव्हाळच असतात!

2019 मध्ये स्टार प्रवाहवर 'रंग माझा वेगळा' ही मालिका सुरू झाली. नायिका सावळी, पण तिची भूमिका करणारी अभिनेत्री गोरी. तिला मेकअपने सावळं केलं जायचं. सावळ्या मुलीचं दुःख सांगायलाही सावळी मुलगी घेतली नाही.

2020 मध्ये क्रीमच्या नावातलं 'फेअर' गेलं, 'ग्लो' आलं. त्याच सुमारास शादी डॉट कॉमने रंगावरून स्थळ निवडायची सोय काढून टाकली. एव्हाना चेहरा उजळायचं काम मोबाइलने हाती घेतलं होतं. सेल्फीचा ब्युटी मोड त्वचा गुळगुळीत करतो, वर उजळही करतो. रोज तोच चेहरा बघायची सवय लागली, की आरशातला चेहरा परका वाटायला लागतो. मग क्रीमचा शोध सुरू होतो.

अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपास झाला, तेव्हा त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो तिथेच न थांबता रक्तात उतरतो.

स्टेरॉइडच्या क्रीमची तऱ्हा वेगळी. ती मुळात त्वचारोगांवरची, पण हिनेही चेहरा पटकन उजळतो, म्हणून मैत्रीण मैत्रिणीला सांगते. महिनोन्‌महिने लावून बंद केली, की चेहरा लालबुंद होतो, आग होते, पुरळ उठतं. घाबरून पुन्हा तीच लावली जाते. 2018 मध्ये सरकारने अशी चौदा औषधं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तुमच्या गल्लीतला मेडिकलवाला चिठ्ठी मागतो का, एकदा बघा.